हनोईत आठवलेली तालीम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी चहा विकतात. फूटपाथवर पाच-सहा ठेंगणी प्लास्टिकची स्टुलं, एक मोठी किटली आणि काचेच्या बरणीत शेंगदाण्याची चिक्की. २०१७ साली नोकरीसाठी कोल्हापूर सोडून हनोईत आलो, तेव्हापासून संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच. २०२५च्या १८ डिसेंबरच्या रात्री त्यांनी नातवाकडून घरातला टीव्ही बाहेर आणवला होता. बँकॉकच्या राजमंगला स्टेडियमवर आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेच्या फुटबॉलची फायनल चालू होती. थायलंड विरुद्ध व्हिएतनाम, २२ वर्षांखालची पोरं. हाफटाइमला थायलंड २-० पुढे. स्टुलांवर बसलेली तीस-चाळीस माणसं गप्प होती.

दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात व्हिएतनामला पेनल्टी मिळाली. बॉल ठेवला न्गुयेन दिन्ह बाकने. वय वर्षं २१. आजींनी टीव्हीकडे पाठ केली आणि किटलीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. गोल झाल्याचं त्यांना लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. पुढे २-२ झालं, सामना जादा वेळेत गेला आणि व्हिएतनामने तो ३-२ असा काढला.

त्यानंतर रस्त्यावर जे सुरू होतं त्याला इथे ‘दी बाओ’ म्हणतात, म्हणजे वादळात निघणं. अख्खं शहर लाल झेंडे घेऊन मोटारसायकलवर बसतं. पातेल्यांची झाकणं बडवली जातात, ओळख ना देख अशी माणसं हातात हात देतात. मी तासभर त्या गर्दीत होतो. घरी येऊन फोन पाहिला तर आमच्या पेठेच्या ग्रुपवर तोच जुना वाद पुन्हा पेटला होता. कुणीतरी या विजयाची बातमी टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘१४० कोटींत ११ पोरं मिळत नाहीत आपल्याला.’

हा वाद ऑक्टोबरपासून चालू आहे. १४ ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, छांगतेने पहिला गोल करूनही भारत सिंगापूरकडून २-१ हरला आणि २०२७च्या आशियाई कपचं दार बंद झालं. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशने हरवलं. जूनमध्ये हाँगकाँगकडून हरलोच होतो. त्यात देशातली सगळ्यात वरची लीग करारांच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यात अडकलेली. २०२५चा डिसेंबर संपत आला तरी त्या मोसमातला एकही सामना झाला नव्हता. ग्रुपवर तीन मतं आहेत. एक म्हणतं, क्रिकेटने सगळं खाल्लं. दुसरं म्हणतं, संघटनेतले पुढारी हाकला, सगळं आपोआप सुधारेल. तिसरं मत हल्ली जोरात आहे: परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू आणा, पासपोर्ट द्या, विषय संपवा. सुनील छेत्रीने २०२४च्या जूनमध्ये निवृत्ती घेतली आणि पुढच्याच मार्चमध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. गोल करणारा दुसरा माणूस दिसत नाही म्हटल्यावर लोक बाहेर बघणारच. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पण त्या १४० कोटींबद्दल मला बोलायचंय. आठ वर्षं मी ज्या देशात राहतोय त्याची लोकसंख्या आत्ता २०२३ मध्ये दहा कोटींवर गेली. महाराष्ट्राची २०११च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी होती. व्हिएतनामचं क्षेत्रफळ ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं ३ लाख ८ हजार. म्हणजे तुलना करायचीच तर भारताशी नको, आपल्या एका राज्याशी करू. आणि मग हिशेब माणसांचा धरू नका. अकरा-बारा वर्षांच्या किती पोरांना एक खाट, दोन वेळचं नीट जेवण, जवळ शाळा आणि रोज शिकवणारा माणूस मिळतो, ते मोजा. दिन्ह बाकच्या मागे उभं आहे ते हे.

दिन्ह बाक मूळचा न्घे आन प्रांतातला. हा उत्तर-मध्य व्हिएतनाममधला कष्टाळू, गरीब मुलूख. उन्हाळ्यात लाओसकडून गरम कोरडे वारे येतात आणि भात करपवतात. हो ची मिन्ह इथलेच. इथली माणसं हट्टी, काटक आणि शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारी म्हणून ओळखली जातात. हनोईत कुणी न्घे आनचा भेटला की मला आपला माणदेश आठवतो. दिन्ह बाक क्वांग नाम या साध्या क्लबकडून खेळायला लागला. फिलिप त्रूसिए हे फ्रेंच प्रशिक्षक तेव्हा राष्ट्रीय संघ सांभाळत होते. त्यांनी या पोराला उचललं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने वर्ल्ड कप पात्रता फेरीत फिलिपिन्सविरुद्ध गोल केला.

मग आला १४ जानेवारी २०२४. दोहा, आशियाई कप, समोर जपान. अकराव्या मिनिटाला जपानने गोल केला तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी बोललंसुद्धा नाही, ते अपेक्षितच होतं. पाच मिनिटांनी कॉर्नर आला. दिन्ह बाक जवळच्या खांबाकडे धावला, गोलकडे जवळजवळ पाठ करून त्याने बॉलला डोक्याने हलकेच वळवलं आणि बॉल गोलकीपरच्या वरून पलीकडच्या कोपऱ्यात पडला. १९ वर्षांचा पोरगा. पुढे व्हिएतनामने २-१ अशी आघाडीही घेतली आणि शेवटी ४-२ ने हार पत्करली. पण तो हेडर मी नंतर कित्येकदा पाहिलाय. अंदाजाने डोकं लावून तसं होत नाही. हजारो कॉर्नरवर हजारो वेळा तो धावलेला असणार, कुणीही बघत नसताना.

त्यानंतरचा काळ त्याला जड गेला. त्रूसिए गेले, दुखापतींनी पोरगा बराच काळ बाहेर राहिला, आणि लोक म्हणायला लागले की एका गोलाचाच होता. ही वाक्यं मला ओळखीची वाटली. आपल्याकडे १९ वर्षांच्या पोराला डोक्यावर घ्यायलाही वेळ लागत नाही आणि खाली टाकायलाही. फरक इतकाच की इथे तो पडला तेव्हा खाली काहीतरी होतं. हनोईच्या पोलीस क्लबने त्याला घेतलं, किम सांग-सिक या कोरियन प्रशिक्षकाने वयोगटाच्या संघात त्याची जागा ठेवली, आणि २०२५च्या जुलैत २३ वर्षांखालच्या संघाने इंडोनेशियात जाऊन आग्नेय आशियाचं विजेतेपद आणलं. डिसेंबरमधली पेनल्टी तुम्हाला सांगितलीच.

इथवर वाचून कुणाला वाटेल की व्हिएतनामी लोकांना हे उपजतच जमतं. अजिबात नाही. दिन्ह बाकच्याच न्घे आनमध्ये त्याच्या वीस वर्षं आधी फाम वान क्वेन नावाचा पोरगा जन्मला. २००३च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या एकमेव गोलवर व्हिएतनामने दक्षिण कोरियाला हरवलं. तो कोरिया आदल्याच वर्षी वर्ल्ड कपची उपांत्य फेरी खेळला होता! वान क्वेन तेव्हा १९ वर्षांचा होता. देशाने त्याला देव्हाऱ्यात बसवलं. दोन वर्षांनी, २००५च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत, म्यानमारविरुद्धचा सामना ठरवून एकाच गोलने जिंकण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात तो आणि त्याचे काही सोबती अडकले. २००७ मध्ये कोर्टाने त्यांना दोषी धरलं. वान क्वेनची शिक्षा स्थगित झाली, पण खेळायची ऐन उमेदीची वर्षं निघून गेली. पुढे तो आपल्याच प्रांताच्या क्लबात पोरांना शिकवू लागला. पन्नाशीतले माझे सहकारी त्याचं नाव निघालं की अजून गप्प होतात. ते त्याच्यावर रागावलेले नाहीत. एकजण मला म्हणाला, “आम्ही त्याला बॉल कसा मारायचा ते शिकवलं, बाकी काहीच शिकवलं नाही.”

हे वाक्य मला फार मोठं वाटतं, कारण त्यानंतर या देशाने जे केलं ते नेमकं याच दुखण्यावर. २००७ मध्येच गिया लाय प्रांतातल्या प्लेइकू शहराजवळ, कॉफी आणि रबराच्या मळ्यांमध्ये, दोआन न्गुयेन दुक या उद्योगपतीने पोरांसाठी निवासी अकादमी काढली. जाँ-मार्क गियू या फ्रेंच प्रशिक्षकाची पद्धत होती आणि इंग्लंडच्या आर्सेनल क्लबशी करार होता. सुरुवातीची वर्षं पोरं अनवाणी खेळायची, पायाला बॉल कळावा म्हणून. सकाळी सराव, मग शाळा, परदेशी भाषा, बोलण्या-वागण्याचे धडे. काँग फुओंग हा पोरगा त्याच अकादमीच्या पहिल्या तुकडीतला. तोही न्घे आनचा, आणि अंगाने किरकोळ म्हणून त्याच्या प्रांताच्या क्लबने त्याला नाकारलेलं. पाठोपाठ २००८ मध्ये पीव्हीएफ ही फुटबॉल गुणवत्तेसाठीची संस्था उभी राहिली. तिचं केंद्र आता हनोईजवळ हुंग येन प्रांतात आहे. लष्कराशी जोडलेल्या टेलिफोन कंपनीने स्वतःचं केंद्र चालवलं, हनोईच्या क्लबने स्वतःचं. मुलांचं एक वर्तमानपत्र ११ आणि १३ वर्षांखालच्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवतं, आणि दुसरं एक दैनिक १९९७ पासून २१ वर्षांखालच्यांची. वर्तमानपत्रं! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आपल्याकडच्या दैनिकांच्या पुरवण्या डोळ्यांसमोर आणल्या.

फळ दिसायला दहा वर्षं लागली. २७ जानेवारी २०१८, चीनमधलं चांगचौ शहर, २३ वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेची फायनल, समोर उझबेकिस्तान. मला इथे येऊन जेमतेम काही महिने झाले होते. बर्फ इतका पडत होता की सामना थांबवून मैदान झाडावं लागलं. ४१ व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. बॉलभोवतीचा बर्फ पोरांनी हाताने बाजूला सारला. न्गुयेन क्वांग हाय, हनोईच्या दोंग आन भागातला पोरगा, उंची पाच फूट सहा इंच, वय २०. डाव्या पायाने बॉल भिंतीवरून वळला आणि आत गेला. ज्या पोरांनी आयुष्यात कधी बर्फ पाहिला नव्हता, ती त्या बर्फात जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटापर्यंत लढली आणि १-२ ने हरली. मग दुय मान्ह नावाच्या खेळाडूने मैदानाच्या कडेला साठलेल्या बर्फाच्या ढिगात देशाचा झेंडा रोवला. हरलेल्या संघाला विमानतळावरून शहरात यायला कित्येक तास लागले, रस्त्यावर एवढी माणसं होती. मी त्यांतला एक होतो. मला भाषा येत नव्हती. शेजारच्या बाईने माझ्या कपाळाला लाल पट्टी बांधली.

आता त्याच्या चार महिने आधीची गोष्ट. १५ सप्टेंबर २०१७. भारतात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भरणार होता आणि महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम केला. शाळाशाळांतून बॉल वाटले. मला कोल्हापूरहून फोटो आले, पोरं खुश दिसत होती आणि मीही खुश झालो होतो. कार्यक्रम वाईट नव्हता. पण १६ सप्टेंबरला त्या पोरांनी काय केलं? प्लेइकूत त्या दिवशी काही डझन पोरं होती, आणि ती दहा वर्षं रोज खेळत होती. दहा लाख पोरं एक दिवस, की तीस-चाळीस पोरं दहा वर्षं? माझं उत्तर मला चांगचौमध्ये मिळालं आणि त्यानंतर मी ते बदललेलं नाही.

पेठेतल्या माणसांनो, आता मी जे म्हणतो त्यात परदेशी काहीच नाही. पोरगं खेळात चांगलं निघालं तर त्याला घरातून काढून वस्तादाच्या हवाली करायचं, त्याने तालमीत झोपायचं, तालमीतच खायचं, पहाटे उठून मेहनत करायची, हे जगाला माहीत नव्हतं तेव्हा कोल्हापूरला माहीत होतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही सोलापूर-सांगलीकडची पोरं गाठोडं घेऊन येतात. घरचे खुराकाचे पैसे धाडतात, नसतील तर गाव वर्गणी काढतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं आणि त्याआधी १९०१ पासून जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. खेड्यातल्या पोराला शहरात खाट मिळाली तर तो शिकतो, हे महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं.

आपल्या फुटबॉलने तालमीचं नाव घेतलं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. रंग घेतले, ईर्ष्या घेतली, शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरवल्या. फक्त तालमीत पोरगं ठेवायची रीत तेवढी कुस्तीकडेच राहिली. फुटबॉलचा पोरगा संध्याकाळी येतो, खेळतो, घरी जातो, आणि दहावीला थांबतो.

आमच्या वर्गात एक पोरगा होता. डावखुरा, लेफ्ट विंगला खेळायचा. त्याच्या पायात बॉल आला की समोरचा माणूस पायांकडे बघायचा विसरायचा आणि त्याच्या खांद्याकडे बघत राहायचा, कारण वळायच्या आधी तो खांदा किंचित पाडायचा. मी त्याच्यामागे फुलबॅकला असायचो. नववीच्या मे महिन्यात त्याच्या वडिलांनी बूट माळ्यावर टाकले. त्यात त्या माणसाचा काय दोष? घरात तीन पोरं, हातावरचं पोट. खेळून काय होणार, याचं उत्तर मैदानावरच्या कुठल्याच मोठ्या माणसाकडे नव्हतं. तो आज शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, संसार चांगला आहे. मी काँग फुओंगचा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो खांदा आठवला.

ज्याला खाट मिळाली असा आपलाही एक पोरगा आहे. अनिकेत जाधव, कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला, पुढे पुण्याच्या क्लबच्या अकादमीत गेला आणि २०१७च्या त्याच वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. दहा लाखांच्या कार्यक्रमाचं कौतुक झालं त्यापेक्षा जास्त कौतुक प्रबोधिनीतल्या त्या एका खोलीचं व्हायला हवं होतं, आणि तशा शंभर खोल्या मागायला हव्या होत्या. ग्रुपवर पुढाऱ्यांना शिव्या देताना ही मागणी मी एकदाही वाचलेली नाही.

पासपोर्टवाल्या मताबद्दलही इथलं सांगतो, कारण हा वाद इथेही तितकाच तापलेला आहे. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या राफाएलसनला २०२४ मध्ये नागरिकत्व मिळालं, तो न्गुयेन सुआन सोन झाला आणि त्या वर्षीच्या आग्नेय आशियाई चषकात सात गोल करून त्याने कप आणून दिला. बँकॉकच्या शेवटच्या सामन्यात त्याचा पाय मोडला तेव्हा इथे लोक रडले. कुणी त्याला परका म्हटलं नाही. तो इथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळला होता, इथली भाषा बोलायचा प्रयत्न करत होता. पण २०२५च्या जूनमध्ये मलेशियाने व्हिएतनामला ४-० असं लोळवलं आणि सप्टेंबरमध्ये फिफाने जाहीर केलं की मलेशियाच्या संघातल्या, परदेशात जन्मलेल्या सात खेळाडूंची कागदपत्रं बनावट होती. रस्ता आखूड करायची घाई एखाद्या देशाला कुठवर नेते, ते इथल्या पोरांनी मैदानावर सोसलं. तेव्हा ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथलं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. तो आपल्या लीगमध्ये खेळला, त्याने किंमत मोजली. पण असा एखादा येईल म्हणून स्वतःचं शेत पडीक ठेवायचं, हे मला पटत नाही. आपल्या पेठांच्या संघांतही मोसमापुरते बाहेरचे खेळाडू येतात, गोल करतात आणि जातात. त्यांच्या जागी बसलेला बारा नंबरचा आपला पोरगा कोण होता, हे आपल्याला आठवतं का?

व्हिएतनामला मी डोक्यावर घेऊन नाचतोय असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी. इथले क्लब धनिकांच्या मर्जीवर चालतात. अशा धनिकाला इथे ‘बाउ’ म्हणतात, आणि बाउचा धंदा बसला की क्लब बसतो. क्वांग निन्हच्या कोळसा खाणींचा चांगला क्लब २०२१ मध्ये पगाराच्या थकबाकीत मिटला. प्लेइकूच्या अकादमीचा मालकही पुढे कर्जात रुतला आणि त्या क्लबचे दिवस पालटले. आपलं तसं नाही. आपली तालीम कुणा एकाची नाही, ती पेठेची आहे. नारळी पौर्णिमेला असो की गणपतीला, वर्गणी देणारी तीच माणसं मैदानावर असतात. कुठल्याही शेठच्या दिवाळखोरीने खंडोबा तालीम बंद पडणार नाही. हनोईच्या क्लबांना हे कितीही पैसे देऊन मिळणार नाही, आणि आपल्याकडे ते फुकट आहे. तेच बळ आपण पायऱ्यांवरच्या मारामारीत घालवतो आणि मग सामने बंद पडतात, याचं मला इथे बसून फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, उंच झाडाला इथेही वारा लागतो. क्वांग हाय २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पो क्लबकडे गेला. वर्षभरात एक गोल, बहुतेक वेळ बाकावर, आणि तो परतला. काँग फुओंग जपान, कोरिया, बेल्जियम फिरला, तिथेही बाकच. म्हणजे अजून या देशालाही बरंच चालायचंय. क्वांग हाय आज हनोईच्या पोलीस क्लबात आहे, दिन्ह बाकच्याच संघात. सरावाच्या व्हिडिओत तो दिन्ह बाकशी बोलताना दिसला की मी थांबून बघतो. ज्याने फ्रान्सचा बाक पाहिलाय तो २१ वर्षांच्या पोराला काय सांगत असेल ते मला ऐकायचंय.

आणि खेळात आपण त्यांच्यापासून फार लांब आहोत असंही नाही. २०२२ मध्ये सायगॉनला, म्हणजे हो ची मिन्ह शहरात, त्यांनी आपल्याला ३-० हरवलं होतं. १२ ऑक्टोबर २०२४ ला नाम दिन्हला मी स्वतः निळा शर्ट घालून गेलो होतो. गुरप्रीतने पेनल्टी अडवली, बुई वी हाओने त्यांचा गोल केला, फारुख चौधरीने बरोबरी केली, १-१. सगळ्या स्टेडियममध्ये आम्ही मोजके निळे होतो, आणि सामना संपल्यावर आजूबाजूच्या माणसांनी येऊन पाठीवर थाप मारली. पहिल्या अकरांत फार अंतर नाही. अंतर आहे ते त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या पोरांमध्ये.

इथे प्रशिक्षकाला ‘थाय’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. शाळेतल्या मास्तरांनाही तोच शब्द. चांगचौच्या संघाचे कोरियन प्रशिक्षक पार्क हांग-सो सगळ्या देशाचे ‘थाय पार्क’ झाले. साठीच्या जवळ आलेला तो माणूस सरावाच्या खोलीत बसून एका खेळाडूचे पाय चोळतोय, हा व्हिडिओ इथल्या प्रत्येकाने पाहिलाय. माझ्या सहकाऱ्यांना त्यात नवल वाटलं होतं. मला गंगावेशचे वस्ताद दिसले.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. भाड्याच्या टर्फवर रविवारी सकाळी सात-सात जणांचे सामने खेळतो. त्याच्या संघात एक गोलकीपर होता, त्याच्याच वयाचा. सप्टेंबरमध्ये त्याची एका अकादमीत निवड झाली. माझ्या बायकोने रात्री विचारलं, आपल्याला विचारलं असतं तर आपण पाठवला असता का? मी बराच वेळ काही बोललो नाही. अकरा वर्षांचं पोर, महिन्या-दोन महिन्यांनी भेट, आणि पाच वर्षांनी ‘उंची कमी पडली’ म्हणून परत पाठवतील ही भीती. माझ्याच्याने झालं नसतं, हे मी तिला सांगितलं. फाउंड्रीतल्या माझ्या मित्राच्या वडिलांना मी इतकी वर्षं मनात जो बोल लावत होतो तो त्या रात्री सुटला.

त्या पोराची आई परवा टर्फवर आली होती. त्याची निळी सायकल कुंपणाला तशीच लावलेली आहे, कुलूप न काढता. मी म्हटलं, घरी नेऊन ठेवायची का, पावसात गंजेल. ती नको म्हणाली. टेटच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, सुट्टीला फेब्रुवारीत पोरगा घरी येणार आहे, आणि बसमधून उतरल्यावर आधी इथे येऊन खेळणार, मग सायकलवरून घरी, असं त्याने फोनवर सांगितलंय. तिने पिशवीतून तेलाची बाटली काढली, साखळीला थोडं तेल लावलं आणि पेडल हाताने एकदा फिरवून पाहिलं.